मूल कोणाचे?

आम्ही बदनावरकडील, म्हणजे जुन्या धार संस्थानातील माणसे. धारहून रतलामकडे जाताना वाटेत आमचा गाव लागतो. माळव्यात पवारांचे घराणे स्थिरावले तेव्हा धार एका शाखेकडे राहिले आणि देवास तुकोजी व जिवाजी या दोघा भावांकडे आले. पुढे देवासची वाटणी इतकी बारीक झाली की, एकाच शहरात थोरल्या पातीचा आणि धाकट्या पातीचा असे दोन कारभार शेजारी शेजारी चालत. राज्य असे वाटता येते. मूल वाटता येत नाही. याचा दाखला त्याच देवासच्या इतिहासात आहे.

थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव यांचा विवाह 1908 मध्ये कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींच्या कन्या अक्कासाहेब यांच्याशी झाला. 1910 मध्ये विक्रमसिंहांचा जन्म झाला. पण संसार टिकला नाही. मूल लहान असतानाच राणीसाहेब माहेरी कोल्हापुरास गेल्या आणि मुलगा देवासला पित्यापाशी राहिला. दोष कोणाचा, याचा निवाडा करण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. त्या काळच्या हिंदू कायद्यात अशा दांपत्यास विधिपूर्वक विभक्त होण्याची वाट नव्हती आणि आईने मूल मागावे असे न्यायासनही, राजा हाच न्यायाचे मूळ असल्याने, देवासात नव्हते. 1927 च्या डिसेंबरात सतरा वर्षांचा युवराज, आपल्या जिवास पित्याकडून धोका आहे असे सांगून, देवास सोडून निघून गेला. तुकोजीराव पुढे पाँडिचेरीस गेले व तेथेच 1937 मध्ये निवर्तले. विक्रमसिंह 1947 मध्ये कोल्हापुरास दत्तक जाऊन शहाजी छत्रपती झाले. आईच्या माहेरची गादी मुलास लाभली. गेलेले बालपण मात्र कोणत्याही गादीने परत दिले नाही.

शाहू छत्रपतींनी 1919 मध्ये स्त्रियांच्या छळास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्याचा संबंध कन्येच्या संसाराशी जोडण्यास आमच्यापाशी आधार नाही. परंतु राजाच्या घरातही लेकीचे दुःख शिरते, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती, एवढे खास.

आता राजवाड्यातून खेड्यात येऊ. हिंदूंत घटस्फोट नव्हता हे विधान अर्धेच खरे आहे. ब्राह्मणादी वर्गांत तो नव्हता. पण महाराष्ट्रातील अनेक ज्ञातींत काडीमोड होती, सोडचिठ्ठी होती, पाट होता. आमच्या माळव्यात 'नातरा' आणि त्यापोटी पहिल्या नवऱ्यास द्यावयाची 'झगड्या'ची रक्कम आजही ऐकू येते. पंच बसत, रक्कम ठरे, विषय संपे. त्या हिशेबात मुलाचे नाव क्वचितच निघे. ते बहुधा बापाच्या घरी राही. इंग्रजी न्यायालयांनी या रूढीला मर्यादा घातली. नवऱ्याच्या संमतीवाचून विवाह मोडून बाईस दुसरा विवाह करू देण्याचा अधिकार ज्ञातीस नाही, असे मुंबईच्या उच्च न्यायालयाने 1876 मध्ये म्हटले. पंचायतीचे दार असे अरुंद झाले आणि कायद्याचे दार तर उघडलेच नव्हते.

त्या बंद दारावर पहिली मोठी थाप पडली ती रखमाबाईंची. अकराव्या वर्षी झालेले लग्न मानून पतीच्या घरी नांदावयास जाण्यास त्यांनी नकार दिला. 1885 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. 1887 मध्ये तो फिरला आणि नांदावयास जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे ठरले. त्यांनी तुरुंग पत्करला. 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. सयाजीरावांच्या बडोद्याने 1931 मध्ये घटस्फोटाचा कायदा केला, मुंबई प्रांताने 1947 मध्ये. आमच्या कोकणी वाचकांच्या गोमंतकात तर 1910 च्या पोर्तुगीज हुकूमनाम्याने ती वाट आधीच उघडली होती. सर्व देशासाठी हिंदू विवाह कायदा 18 मे 1955 रोजी अमलात आला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात रखमाबाई निवर्तल्या. तो दिवस पाहूनच त्या गेल्या.

या कायद्याने रूढी मारली नाही. जिथे ज्ञातीची घटस्फोटाची रूढी सिद्ध होते, तिथे तो हक्क कलम 29 ने राखला आहे. पण रूढी सिद्ध करावी लागते. मुद्रांकाच्या कागदावर दोघांच्या सह्या घेऊन 'मोकळे झालो' असे मानणारे पक्षकार आम्ही नेहमी पाहतो. त्या कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न लावले, तर ते रद्दबातल ठरण्याची भीती असते. परस्परसंमतीने वेगळे होण्याची सोय कायद्यात 1976 मध्ये आली आहे. निदान वर्षभर वेगळे राहिलेल्यांनी ती वाट धरावी.

आणि मूल? 1890 चा पालक व पाल्य कायदा आणि 1956 चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा या दोहोंचा ओघ एकाच दिशेस आहे. 1956 च्या कायद्यात पिता हा नैसर्गिक पालक व 'त्याच्यानंतर' माता असे शब्द आहेत. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ 'पित्याच्या मरणानंतर' असा न घेता 'पित्याच्या अनुपस्थितीत' असा लावला. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे असेही तोच कायदा सांगतो. पण या सर्वांवर कलम 13 आहे: बालकाचे हित हेच सर्वोपरी. मूल ही कोणाची मिळकत नव्हे. म्हणूनच ताब्याचा हुकूम कायमचा नसतो. परिस्थिती पालटली तर तोही पालटतो.

कचेरीच्या ओसरीत आम्ही एक सहा-सात वर्षांची मुलगी पाहिली होती. एका बाकावर आजोळची माणसे, समोरच्या बाकावर वडिलांकडची. दोन्हीकडून तिच्यासाठी खाऊ आणला होता. तिने कोणाचाच घेतला नाही. एकाचा घेतला तर दुसऱ्यास राग येईल, एवढे ती शिकली होती. हे शिक्षण तिला कायद्याने दिले नव्हते. आपण वडील मंडळींनी दिले होते.

घरातील भांडण न्यायालयात जाण्यापूर्वी पुष्कळदा देवळाच्या सभामंडपात येते. वडीलधारे बसतात, दागिने, खर्च, मानपान यांचा हिशेब होतो. आमची विनंती इतकीच की, त्या बैठकीत पहिला प्रश्न मुलाचा घ्यावा. ते कोठे निजेल, कोणत्या शाळेत जाईल, दुसऱ्या पालकास कोणत्या वारी भेटेल, हे आधी लिहून काढावे. दागिने मागाहून मोजावेत. संसार मोडला तरी आई आणि बाप ही दोन नाती मोडत नाहीत. ती मोडण्याचा अधिकार कोणत्याही न्यायाधीशास नाही, आणि पंचांस तर नाहीच नाही.