ब्रिटनमधील महिला संघटना आणि पारलिंगी महिलांचे सदस्यत्व

ब्रिटनमधील ‘विमेन्स इन्स्टिट्यूट’ या शतकाहून अधिक जुन्या महिला संघटनेने एप्रिल २०२६ पासून पारलिंगी महिलांना औपचारिक सदस्यत्व न देण्याचा निर्णय ३ डिसेंबर २०२५ रोजी जाहीर केला. आदल्याच दिवशी ‘गर्लगाइडिंग’ या मुलींच्या संघटनेनेही अशाच स्वरूपाची घोषणा केली होती. जन्माच्या वेळी पुरुष म्हणून नोंद झालेल्या, परंतु स्त्री म्हणून जगणाऱ्या व्यक्तींचा उल्लेख पारलिंगी महिला असा केला जातो. चाळीस वर्षांहून अधिक काळ अशा महिलांना सामावून घेणाऱ्या संस्थेने आपले दार बंद करावे, यामागे संस्थेचे मतपरिवर्तन नसून समानता कायद्यातील एका अपवादाचा नव्याने लागलेला अर्थ आहे.

विमेन्स इन्स्टिट्यूटची चळवळ १८९७ मध्ये कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात सुरू झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ मध्ये, वेल्समधील अँगलसी बेटावर ब्रिटनमधील पहिली शाखा स्थापन झाली. ग्रामीण स्त्रियांना एकत्र आणणे आणि अन्न उत्पादनात त्यांचा सहभाग वाढविणे, हा तिचा हेतू होता. आपल्याकडील महिला मंडळांशी तिचे बरेच साम्य आहे. जॅम, केक आणि विणकाम ही तिची लोकप्रिय प्रतिमा मात्र अपुरी म्हणावी लागेल. सार्वजनिक स्वच्छतेच्या ‘कीप ब्रिटन टायडी’ मोहिमेचा उगम संस्थेच्या १९५४ मधील ठरावात आहे. जून २००० मध्ये वेम्ब्ली येथील अधिवेशनात तत्कालीन पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचे भाषण राजकीय वळणावर जाताच सदस्यांनी संथ टाळ्या वाजवून नापसंती व्यक्त केली होती. अशी ही संस्था सहजासहजी दबावाला बळी पडणारी नव्हे.

ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यानुसार पंचवीस किंवा अधिक सदस्य असलेल्या संघटनेला सदस्यत्व देताना लिंगाच्या आधारे भेदभाव करता येत नाही. तथापि, कायद्याने संरक्षित केलेले समान वैशिष्ट्य असणाऱ्या व्यक्तींपुरती संघटना मर्यादित ठेवण्याची मुभा आहे. ‘केवळ महिलांसाठी’ असलेल्या संस्था याच अपवादावर उभ्या आहेत. या कायद्यातील ‘स्त्री’ म्हणजे कोण, हा प्रश्न स्कॉटलंडमधील सार्वजनिक मंडळांवर महिलांना प्रतिनिधित्व देणाऱ्या २०१८ च्या कायद्यावरून न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी १६ एप्रिल २०२५ रोजी एकमताने निर्णय दिला, की समानता कायद्यातील ‘स्त्री’ आणि ‘लिंग’ हे शब्द जैविक लिंगाला उद्देशून आहेत. २००४ च्या कायद्याखाली लिंगबदलाचे प्रमाणपत्र मिळालेल्या व्यक्तींनाही हाच अर्थ लागू झाला. हा एका गटाचा दुसऱ्यावरील विजय मानू नये, तसेच लिंगबदलाच्या आधारे होणाऱ्या भेदभावापासून पारलिंगी व्यक्तींना असलेले संरक्षण कायम आहे, असेही न्यायालयाने स्पष्ट केले.

या अर्थामुळे संघटनांपुढील मधला मार्ग खुंटला. पारलिंगी महिलांना प्रवेश दिल्यास समान वैशिष्ट्याचा आधार उरत नाही आणि मग पुरुषांना नाकारण्याचे कायदेशीर कारणही शिल्लक राहत नाही. एक तर सर्वांना प्रवेश, नाहीतर केवळ जैविक स्त्रियांना, असे दोनच पर्याय समोर राहिले. स्त्रियांची संस्था म्हणून अस्तित्व टिकवायचे तर दुसरा पर्याय अटळ असल्याची भूमिका विमेन्स इन्स्टिट्यूटने घेतली. निर्णयाबद्दल तिने खेद व्यक्त केला आणि पारलिंगी महिलांसह सर्वांना खुले असणारे ‘भगिनीभाव’ गट सुरू करण्याचे जाहीर केले. गर्लगाइडिंगनेही हा निर्णय कठीण असल्याचे सांगून विद्यमान बालसदस्यांबाबत तत्काळ बदल होणार नसल्याचे त्या वेळी स्पष्ट केले होते.

स्त्रियांना हक्काची स्वतंत्र जागा हवी, असे मानणाऱ्या गटांनी या निर्णयांचे स्वागत केले. पारलिंगी व्यक्तींच्या संघटनांनी मात्र एकाकीपणाची भीती व्यक्त केली. ती अनाठायी म्हणता येणार नाही. लहान गावात अशा शाखेची मासिक बैठक हेच कित्येकींचे मैत्रीचे ठिकाण असते आणि वेगळ्या गटात बसणे हा त्याला पर्याय ठरेलच, असे नाही.

अमेरिकेत याच प्रश्नाची वाट निराळी ठरली. वायोमिंग विद्यापीठातील ‘कप्पा कप्पा गॅमा’ या विद्यार्थिनी संघटनेच्या शाखेने २०२२ मध्ये एका पारलिंगी विद्यार्थिनीला प्रवेश दिला. त्याविरुद्ध काही सदस्यांनी संघीय न्यायालयात धाव घेतली. १८७० मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेच्या नियमावलीत ‘स्त्री’ या शब्दाची व्याख्याच नव्हती. खासगी, स्वयंसेवी संघटनेने स्वतःच्या नियमांचा लावलेला अर्थ बदलून तिच्यावर व्याख्या लादणे न्यायालयाचे काम नव्हे, असे सांगून न्यायाधीश ॲलन जॉन्सन यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये दावा फेटाळला.