न गळणारी माती

पाणी अडवायचे तर चिकणमाती, हे शहाणपण जुनेच. तळ्याच्या तळाशी आणि मातीच्या धरणाच्या गाभ्यात माणसाने तिच्यावरच भरवसा ठेवला. विसाव्या शतकात कारखान्यांचा विषारी कचरा पुरायचा कुठे, असा प्रश्न आला तेव्हाही उत्तर तेच निघाले. चिकणमातीतून पाणी जात नाही, मग पाण्यात विरघळलेले विष तरी कसे जाईल? या तर्कातली फट दाखवणारे ज्ञान तेव्हा शंभर वर्षे जुने होते.

१८५५ साली झुरिकमध्ये अॅडॉल्फ फिक नावाचा पंचविशीतला शरीरक्रियाशास्त्रज्ञ एका नळीपाशी बसला होता. नळीच्या तळाशी मीठ, वर गोडे पाणी. ढवळणे नाही, प्रवाह नाही. तराजूला टांगलेला काचेचा गोळा वेगवेगळ्या खोलीवर सोडून तो पाण्याची घनता मोजत होता. शरीरातल्या पडद्यांतून क्षार कसे जातात, हे त्याचे खरे कोडे होते. उष्णता गरम टोकाकडून थंड टोकाकडे जाते त्याबद्दल फूरियेने मांडलेला नियमच त्याने मिठाला लावला: जिथे जास्त तिथून कमीकडे, आणि फरक जितका तीव्र तितका वेग जास्त. हेच विसरण. न ढवळलेल्या चहाच्या तळाची साखर कालांतराने वरच्या घोटातही लागते, ती याच नियमाने.

पुढच्याच वर्षी, १८५६ मध्ये, फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावरचा आँरी दार्सीचा ग्रंथ आला. वाळूच्या उभ्या स्तंभातून किती दाबाने किती पाणी जाते, याचा नियम त्यात होता. अभियंत्यांनी तो उचलला. मातीची ‘पार्यता’ मोजायची रीत त्यातूनच रुजली. फिकचा नियम रसायनशास्त्राच्या आणि शरीरक्रियाशास्त्राच्या वर्गात राहिला.

या फाळणीची किंमत मातीच्या सूक्ष्म रचनेत दडलेली आहे. वाळूकडून चिकणमातीकडे गेले की पाण्याची वाट लाखपटींनी आवळते, कारण छिद्रे अतिसूक्ष्म होतात आणि पाणी त्यांच्या भिंतींना घासत जाते. विरघळलेल्या कणाला मात्र प्रवाह लागत नाही; त्याला फक्त पाण्याने भरलेली सलग वाट हवी. चिकणमातीच्या पापुद्र्यांमधून ती वाट वळणावळणाची असते, म्हणून मोकळ्या पाण्यापेक्षा विसरण मंदावते. पण काही पटींनीच. पाण्याला बंद झालेले दार क्षाराला नुसते किलकिले होते.

हे मोजायची प्रयोगशाळेतली रीत साधी आहे. दोन कप्प्यांमध्ये मातीची जाड चकती बसवायची, दोन्हीकडे पाण्याची पातळी सारखी ठेवायची म्हणजे प्रवाह उरत नाही; एका बाजूला क्षार घालायचा आणि दुसऱ्या बाजूला तो किती दिवसांनी, किती येतो ते पाहायचे. पण खरी परीक्षा शेतात, खऱ्या कचऱ्याखाली. कॅनडातल्या नैर्ऋत्य ओंटारिओत घातक कचऱ्याची अशी एक भरणी होती. खाली जाड, न भेगाळलेली, पाण्याने भरलेली नैसर्गिक चिकणमाती. याहून चांगली जागा मागायची कुठे? भरणी पाच वर्षांची असताना जॉन्सन, चेरी आणि पँको या संशोधकांनी तिच्या तळाखालून मातीचे उभे दंडगोल काढले, त्यांचे काप केले आणि प्रत्येक कापातले रसायन मोजले. १९८९ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. क्लोराइड सुमारे ८३ सेंटीमीटर खोल पोचले होते. मातीतल्या सेंद्रिय अंशाला चिकटत जाणारी द्रावके मागे पडली होती, तरी त्यांतली सर्वांत चपळ सुमारे १५ सेंटीमीटरवर होती. एक मीटर जाडीचे मातीचे अस्तर चपळ रसायने पाचेक वर्षांत ओलांडू शकतात, असा त्यांचा इशारा होता. जाडी दुप्पट केली तर काळ चौपट मिळतो, एवढाच काय तो दिलासा.

गोष्ट इथे संपत नाही, कारण विसरणाला दिशा नसते, फक्त उतार असतो. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या एका औद्योगिक जागेत जमिनीत मुरलेल्या द्रावकाच्या साठ्याभोवती १९९४ मध्ये पोलादी पत्र्यांची भिंत ठोकली गेली. भिंतीबाहेरच्या भूजलातले प्रदूषण दोन-तीन वर्षांत सुमारे दहापट उतरले आणि मग अडून बसले. वरच्या वाळूत स्वच्छ पाणी येऊ लागल्यावर खालच्या चिकणमातीने इतकी वर्षे शोषलेले विष उलटे परत द्यायला सुरुवात केली होती. पाणी पिण्याच्या मर्यादेत यायला शतके लागू शकतात, असा चॅपमन आणि पार्कर यांचा हिशेब २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. डेलावेअरमधल्या डोव्हर हवाईतळाखालच्या चिकणमातीत तर शास्त्रज्ञांनी खोलीनुसार बदलणारे प्रमाण उलटे वाचून वर कधी, किती प्रदूषण झाले असावे, याचा अंदाज बांधला. कागदपत्रे हरवली तरी मातीत नोंद राहते.

भारताच्या २००० सालच्या घनकचरा नियमांत भरणीच्या तळासाठी दीड मिलिमीटर जाड प्लास्टिकचा पडदा आणि त्याखाली ९० सेंटीमीटर माती सांगितली होती. हा पडदा क्षारांना चांगलाच रोखतो. कारखान्यांतली बरीच उडनशील द्रावके मात्र त्यातूनही विसरण पावतात. खालच्या मातीला घातलेली अट पार्यतेची होती: सेकंदाला एका सेंटीमीटरचा एक कोट्यांश भाग, म्हणजे साधारण वर्षाला तीन सेंटीमीटर. हा आकडा दार्सीच्या नियमाचा आहे. त्या ९० सेंटीमीटरांना फिकच्या नियमाने किती वर्षे लागतील, हे अजून वेगळे मोजावे लागते.