निळ्या कोंबडीची जात

आजचा विषय वाचून काहींना नवल वाटलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांनी कोंबडीच्या पिसांवर का बोलावं? कारण असं आहे की 'जात', 'शुद्ध', 'संकर' हे शब्द आपण रोज वापरतो आणि या शब्दांची फार कसून परीक्षा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाली, तीही खुराड्यात. मराठीत 'जातिवंत' हे विशेषण आपण घोड्याला लावतो, कोंबड्याला लावतो आणि बोलण्याच्या ओघात माणसालाही लावून मोकळे होतो. एवढी मुभा आपल्याला आहे का, हे आज पाहू.

सुरुवात डार्विनपासून करू. पाळीव प्राणी आणि वनस्पती यांच्यातल्या बदलांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १८६८ साली आला. त्यात कोंबड्यांवर एक सविस्तर प्रकरण आहे. काळ्या, पांढऱ्या, कबऱ्या, तुरेवाल्या, झुपकेदार पायांच्या अशा सगळ्या पाळीव कोंबड्या एकाच लाल रानकोंबड्यापासून आल्या, असं त्यांचं म्हणणं होतं. भारतातल्या रानकोंबड्यांची माहिती त्यांना पुरवणाऱ्यांत कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयातले एडवर्ड ब्लाइथ हे प्रमुख होते. डार्विननी स्वतः काळा स्पॅनिश कोंबडा आणि पांढऱ्या सिल्की कोंबड्या यांचा संकर केला. त्या पिलांतला एक नर मोठा झाला तो लाल-केशरी पिसं घेऊन, जणू रानातूनच आलेला. आई पांढरी, बाप काळा, मग हा लाल कुठून आला? डार्विन म्हणाले, ही पूर्वजाकडे परत जाण्याची प्रवृत्ती. आता बघा, हे घटनेचं वर्णन झालं, कारण नाही. आनुवंशिकता म्हणजे दोन रसांचं मिश्रण, दूध आणि शाई एकत्र ओतावी तसं, ही त्या काळची रूढ समजूत. तसं असेल तर एकदा मिसळलेला रंग पुन्हा वेगळा निघताच कामा नये.

ही गाठ पुढे केंब्रिजजवळ सुटली. विल्यम बेटसन हे प्राणिशास्त्रज्ञ १९०० च्या आधीपासूनच कोंबड्यांचे संकर करत होते. त्या वर्षी मेंडेलचा वाटाण्यांवरचा, ३४ वर्षं कोणी फारसा न वाचलेला निबंध पुन्हा उजेडात आला आणि बेटसनना आपल्या खुराड्यातले आकडे वाचायची किल्ली मिळाली. १९०२ साली त्यांनी आणि एडिथ साँडर्स यांनी रॉयल सोसायटीच्या समितीपुढे अहवाल मांडला. मेंडेलचे नियम वाटाण्यापुरते नाहीत, प्राण्यांनाही लागू आहेत, हे त्यात कोंबड्यांच्या आधारे दाखवलं होतं. आनुवंशिकीच्या शास्त्राला इंग्रजीत आज जे नाव आहे, 'जेनेटिक्स', ते बेटसननीच १९०५ मध्ये सुचवलं. साँडर्स न्यूनहॅम या स्त्रियांच्या महाविद्यालयात शिकवत. केंब्रिजमध्ये स्त्रियांना पूर्ण पदवी मिळायला १९४८ साल उजाडावं लागलं. म्हणजे ज्या विद्यापीठाच्या नावाने हे शास्त्र ओळखलं जातं, त्याने या शास्त्राच्या एका संस्थापिकेला पदवीच्या लायक मानलं नव्हतं. विषयांतर वाटेल, पण कोण कशाला लायक हे जन्मावरून ठरवण्याचाच हा प्रश्न आहे, म्हणून लक्षात ठेवा.

आता निळ्या कोंबडीकडे येऊ. अँडलुशियन नावाची एक देखणी जात आहे. निळी म्हणजे आकाशी नव्हे. शाळेतल्या दगडी पाटीचा जो रंग असतो, तो. प्रदर्शनात बक्षीस फक्त निळ्यालाच. पण पाळणाऱ्यांची एक जुनी तक्रार होती. निळा कोंबडा आणि निळी कोंबडी, दोन्ही कितीही उत्तम निवडा, पिलं साधारण निम्मीच निळी निघतात. उरलेल्यांत अर्धी काळी, अर्धी पांढरट, ठिपके उडालेली. ती 'बिघडलेली' म्हणून बाजूला काढायची आणि पुढच्या पिढीत पुन्हा तेच. रक्त अजून पुरेसं शुद्ध झालेलं नाही, असं ते मानत आणि निवड आणखी कडक करत.

बेटसन आणि त्यांचे सहकारी रेजिनाल्ड पनेट यांनी सांगितलं की तुम्ही उलटं धरून बसला आहात. प्रत्येक पिलाला आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन घटक मिळतात. दोन्ही एका प्रकारचे असतील तर पिलू काळं, दोन्ही दुसऱ्या प्रकारचे असतील तर ठिपक्यांचं पांढरट आणि एकेक असेल तर निळं. म्हणून निळ्या-निळ्याच्या चार पिलांत सरासरीने एक काळं, दोन निळी, एक पांढरट. आणि ज्यांना बिघडलेली म्हणून काढून टाकत होतात, त्या काळ्याची आणि पांढरटाची जोडी लावा, सगळी पिलं निळी! याचा अर्थ काय? तर बक्षीस मिळवणारा निळा हाच कायमचा संकर. ज्यांना टाकाऊ ठरवलं, ती या घटकापुरती शुद्ध. निवड हजार वर्षं करा, शुद्ध निळी जात होणार नाही. कारण निळेपणाच दोन वेगळ्यांच्या भेटीतून येतो. इथे दूध-शाईची उपमाही मोडली. निळ्या कोंबडीत दोन्ही घटक अखंड शिल्लक राहतात आणि पुढच्या पिढीत जसेच्या तसे बाहेर पडतात. डार्विनच्या त्या लाल कोंबड्याचं गूढही याच वाटेने उलगडतं. वेगळे पडलेले घटक पुन्हा एकत्र आले की जुना रंग परत येतो.

दुसरी गोष्ट पांढऱ्या रंगाची. आमच्या न्यायशास्त्रात हेत्वाभास शिकवतात. धुरावरून अग्नीचं अनुमान होतं, पण जो हेतू एकाच साध्याला धरून राहत नाही तो 'अनैकान्तिक', त्यावरून अनुमान करू नये. पांढरी पिसं हा असाच अनैकान्तिक हेतू आहे. पांढऱ्या लेगहॉर्न कोंबडीत रंग दाबून टाकणारा एक प्रभावी घटक असतो. एक प्रत आली तरी पुरे. दुसऱ्या काही पांढऱ्या कोंबड्यांत मुळात रंग तयार करणारी पायरीच अडलेली असते. तिथे दोन प्रती लागतात. दिसायला दोघी सारख्याच पांढऱ्या. यांचा संकर केला तर पहिल्या पिढीत, एखादा काळा ठिपका सोडला तर, सगळी पांढरी. त्यांची आपसात पैदास केली की १६ पिलांत सरासरीने १३ पांढरी आणि ३ रंगीत. पांढऱ्यांच्या पोटी रंगीत, आणि घरात कुठलाही घोटाळा नाही! पुढे जनुकं वाचता येऊ लागली तेव्हा हा भेद रेणूंच्या पातळीवरही दिसला. २००४ मध्ये लेगहॉर्नचा पांढरा रंग एका जनुकात सापडला आणि २००६ मध्ये दुसरा पांढरा रंग टायरोसिनेज या रंग घडवणाऱ्या विकराच्या जनुकात. तिथे एका विषाणूचा जुना तुकडा घुसून बसलेला आहे. तेव्हा रूपावरून कुळ सांगणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

तिसरी गोष्ट पट्ट्यांची. प्लिमथ रॉक ही काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची अमेरिकन जात. १९०८ मध्ये विल्यम स्पिलमन यांनी दाखवलं की पट्टेदार कोंबडी आपले पट्टे फक्त मुलांना देते, मुलींना नाही. कारण पक्ष्यांत आपल्या उलट असतं. नराकडे एकसारखी दोन लिंगगुणसूत्रं, मादीकडे दोन वेगळी. पट्ट्यांचा घटक ज्या गुणसूत्रावर आहे, ते मुलीला फक्त बापाकडून मिळतं. मग पट्टेदार कोंबडी आणि काळा कोंबडा अशी जोडी लावली तर काय होईल? पिलू अंड्यातून बाहेर येताच डोक्यावर पांढरट ठिपका असेल तर नर, नसेल तर मादी. पहिल्या महायुद्धात इंग्लंडात धान्याची टंचाई होती. अंडी न देणाऱ्या नरांना आठवडेच्या आठवडे का पोसायचं, म्हणून पनेट यांनी पिसांच्या रंगावरून पहिल्याच दिवशी निवड करायची युक्ती सुचवली. युक्ती शास्त्रशुद्ध होती. पण तिची दुसरी बाजूही बोलली पाहिजे. रंगावरून असो की इतर पद्धतीने, अंड्यांच्या धंद्यात पहिल्या दिवशी वेगळी काढलेली नर पिलं आजही जगभर अब्जावधींच्या संख्येने मारली जातात. जर्मनीने २०२२ पासून यावर बंदी घातली आहे. ज्ञान हातात आलं की त्याचं काय करायचं, हे ते ज्ञान सांगत नाही.

आणि इथूनच आपण खुराड्यातून माणसांच्या वस्तीत येतो. अमेरिकेत चार्ल्स डेव्हनपोर्ट यांनी कोल्ड स्प्रिंग हार्बर इथे कोंबड्यांच्या आनुवंशिकतेवर खरोखर चांगलं काम केलं. १९०६ आणि १९०९ साली त्यावर ग्रंथ लिहिले. मग १९१० मध्ये तिथेच माणसांच्या वंशावळी गोळा करणारं सुप्रजननाचं कार्यालय उभारलं. तुऱ्याचा आकार जसा एका घटकाने ठरतो, तसं दारिद्र्य, गुन्हेगारी, मंदबुद्धी हेही ठरतं, असं त्यांनी धरून चालायला सुरुवात केली. समुद्रावर जाण्याची ओढसुद्धा त्यांना असाच एक आनुवंशिक गुण वाटली! हसू येतं, पण याच विचाराच्या आधारे हजारो माणसांची सक्तीने नसबंदी झाली. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा कायद्यावर शिक्कामोर्तब केलं आणि १९३३ मध्ये जर्मनीत नाझी सरकारने तसाच कायदा आणला.

गंमत अशी, की या योजनेतली चूक दाखवणारं गणित १९०८ सालीच झालं होतं. पनेटना एक शंका पडली, ती त्यांनी आपले क्रिकेटमधले स्नेही, गणितज्ञ हार्डी यांना विचारली. आपल्या रामानुजनचे हार्डी, तेच. हार्डींनी काही ओळींत उत्तर दिलं. त्याच वर्षी जर्मनीत वाइनबर्ग यांनीही स्वतंत्रपणे तेच मांडलं. त्या सूत्राने हिशेब करू. समजा, एखादा अप्रभावी गुण १०,००० पैकी एकातच दिसतो. तर तो घटक न दिसता अंगी बाळगणारे किती असतील? १९८. म्हणजे त्या एकाला वगळून तुम्ही वंश शुद्ध केलात असं समजता, तेव्हा जवळपास दोनशे जण, कदाचित तुम्ही स्वतःसुद्धा, तो घटक घेऊन शांतपणे पंगतीत बसलेले असतात.

आता ज्याच्यासाठी हा सगळा प्रवास केला तो मुद्दा. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं. भाषणातली मतं झेपली नाहीत, परिषदच रद्द झाली आणि बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. तेच 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. त्या काळी जातिव्यवस्थेचं समर्थन सुप्रजननाच्या भाषेत होऊ लागलं होतं. जाती म्हणजे रक्त शुद्ध राखण्याची शास्त्रीय योजना, असं. बाबासाहेब त्याला उत्तर देताना दोन दाखले काढतात. एक दे. रा. भांडारकरांचा. या देशात बाहेरच्या रक्ताची भर न पडलेला वर्ग सापडणं कठीण, असा त्याचा आशय. आणि दुसरा दाखला बेटसन यांचा! उच्च मानसिक गुण एखाद्याच घटकाने पिढ्यान्‌पिढ्या उतरतात असं दिसत नाही, ते अनेक गोष्टींच्या योगायोगाने घडतात, हे बेटसनच्या ग्रंथातलं मत त्यांनी पुढे ठेवलं. समाजातल्या उच्च-नीचतेबद्दल बेटसनची स्वतःची मतं आपल्याला पटतील अशी नव्हती. पण तुरा कसा उतरतो हे ज्याने मोजून पाहिलं, त्याला बुद्धी तुऱ्यासारखी उतरत नाही हे कळलं होतं, आणि बाबासाहेबांनी नेमकं तेच उचललं. मोजणाऱ्याची साक्ष न मोजता बोलणाऱ्यांच्या विरुद्ध.

शेवटी एक गोष्ट आपल्या डोंगरातली. २००८ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या पायांचा आणि कातडीचा घटक तपासला गेला. तो लाल रानकोंबड्याचा निघाला नाही. तो बहुधा राखी रानकोंबड्याकडून आलेला आहे, आणि हा पक्षी दक्षिण भारतातला, आपल्या सह्याद्रीत आरवणारा. म्हणजे डार्विनचा एकच पूर्वजही पुरा पडला नाही. जगातल्या किती तरी 'जातिवंत' कोंबड्या, पिवळ्या पायांची ती पांढरीशुभ्र लेगहॉर्नसुद्धा, दोन रानांच्या संकराची खूण पायांत घेऊन चालतात.

मग 'जात' या शब्दाचं काय करायचं? कोंबड्यांपुरता तो वापरायला हरकत नाही, पण अर्थ नीट ठेवून. जात म्हणजे माणसांनी ठरवलेली, सतत निवड करून टिकवलेली एक सवय. निसर्गाने मारलेला शिक्का नव्हे. माणसांबद्दल बोलताना तर हा शब्द ज्या शुद्धतेचा हवाला देतो, ती खुराड्यातही नीट सापडली नाही, एवढं ध्यानात असू द्यावं. निळ्या अँडलुशियनमध्ये बक्षीस ज्याला मिळालं तोच संकर होता आणि टोपलीत टाकून दिलेले शुद्ध होते. बक्षीस कोणाला द्यायचं, हे मात्र परीक्षकांनी ठरवलं होतं.

इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.