सहा मैलांची पैज

पाणी वक्र असल्याचे दाखवणाऱ्याला ५०० पौंड! पृथ्वी सपाट मानणाऱ्या जॉन हॅम्पडेन यांची ही पैज १८७० मध्ये निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी स्वीकारली. इंग्लंडमधील ओल्ड बेडफर्ड या सरळ जलमार्गावर सहा मैलांच्या अंतरात त्यांनी एका टोकाला दुर्बीण, मधोमध एक खूण आणि दुसऱ्या टोकाला दुसरी खूण, अशी तिन्ही पाण्यापासून सारख्याच उंचीवर ठेवली. पाणी सपाट असते, तर दोन्ही खुणा एका रेषेत दिसल्या असत्या. प्रत्यक्षात मधली खूण वर दिसली. पंचांनी वॉलेस यांना विजयी ठरवले. हॅम्पडेन यांच्या बाजूच्या निरीक्षकाला मात्र त्याच दृश्यात सपाटपणा दिसला! पुढे बदनामीबद्दल हॅम्पडेन तुरुंगात गेले. पण मत बदलले नाही.

वर्गात वाद झाला, तर प्रयोगाआधीच विचारावे : काय दिसले तर तुम्ही मत बदलाल?