बार्शी लाइटचे पाच टन

सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फूट रुंदीची रेल्वे 1897 साली सुरू झाली. तिचे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. खर्च आवाक्यात राहावा म्हणून त्यांनी यार्डाला फक्त 30 पौंड वजनाचे रूळ घातले. ते वाकू नयेत यासाठी नियम केला : इंजिन असो वा वाघीण, एका आसावर पाच टनांहून अधिक भार नको. जास्त माल न्यायचा तर आस वाढवायचे. वीस टनांची भरलेली वाघीण चार आसांवर उभी केली, की प्रत्येक चाकाखाली अडीच टन येतात.

पण हा हिशेब झाला उभ्या गाडीचा. गाडी धावू लागली की चाके रुळांच्या सांध्यांवर आदळतात, डबे स्प्रिंगांवर खालीवर होतात आणि रुळावरचे बल क्षणोक्षणी बदलते. ते मोजायचे कसे? वजनकाटा स्थिर होईपर्यंत चाक पुढे गेलेले असते!

उत्तराचे बीज मात्र आधीच सापडले होते. तार ताणली की तिचा विद्युतरोध वाढतो, हे विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी 1856 साली दाखवले होते. त्यातून उपकरण व्हायला 1938 साल उजाडले. अमेरिकेत सिमन्स आणि रूज यांनी स्वतंत्रपणे, बारीक तार पृष्ठभागावर चिकटवून 'स्ट्रेन गेज' बनवला. रूज भूकंपाचा पाण्याच्या टाक्यांवर होणारा परिणाम अभ्यासत होते. म्हणजे प्रश्न हादऱ्यांचाच होता.

रूळ वाकला की त्याला चिकटलेली तारही ताणली जाते. लांबी दहा हजारांत एक भाग वाढली, तर 120 ओहमच्या गेजचा रोध सुमारे 0.024 ओहमने वाढतो. एवढासा बदल पकडतो तो बारावीच्या प्रयोगशाळेतला व्हीटस्टन ब्रिज. तार अगदी हलकी असल्याने झटपट होणारे बदलही तिच्यातून सुटत नाहीत. रेल्वेप्रमाणेच मोटारींच्या चाचण्यांतही हीच युक्ती वापरतात. पुण्यात 1966 पासून 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन'मध्ये वाहनांच्या चाचण्या होतात.

बार्शीचा मार्ग आता ब्रॉडगेज झाला आहे. कॅलथ्रॉप यांचा प्रश्न मात्र वर्गात उभा करता येतो. तानकाट्याला वजन अडकवा आणि हात झटकन वर न्या. वस्तू तीच, पण काटा उसळतो. तो नेमका किती उसळला, हे डोळ्यांनी वाचून पाहा. मग स्ट्रेन गेजची गरज विद्यार्थ्यांना वेगळी सांगावी लागणार नाही, असे आम्हाला वाटते.