सलाईनच्या बाटलीतला बेडूक

आजच्या भागात किल्ला नाही, लढाई नाही, तह नाही. आज सुरुवात एका प्लॅस्टिकच्या बाटलीपासून. प्राण्यांच्या दवाखान्यात रात्री-अपरात्री कधी गेला असाल तर ती बघितली असेलच. स्टँडला उलटी लटकलेली, खाली टेबलावर मलूल पडलेलं पिल्लू, आणि नळीत टप टप पडणारे थेंब. लेबलवर 'आरएल' लिहिलेलं असतं, म्हणजे रिंगर लॅक्टेट. आपण सरसकट सगळ्यालाच सलाईन म्हणतो, चालतंय.

या बाटलीत कोण कोण आहे, ते बघूया.

सगळ्यात आधी कॉलरा. १८३२ साली स्कॉटलंडमध्ये लीथ नावाच्या बंदरात साथ आली होती. तिथल्या थॉमस लाटा नावाच्या डॉक्टरने मरायला टेकलेल्या पेशंटच्या शिरेत सरळ मिठाचं पाणी सोडलं. काही जण अक्षरशः उठून बसले. पण पुढच्याच वर्षी लाटा वारला, आणि त्याची आयडिया कित्येक वर्षं धूळ खात पडली.

मग बेडूक. १८८० च्या दशकात लंडनचा डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढून ते मिठाच्या पाण्यात चालू ठेवायचा प्रयत्न करत होता. हृदय छान धडधडत होतं. नंतर कळलं की मदतनिसाने ते पाणी डिस्टिल्ड न घेता नळाचं घेतलं होतं! शुद्ध पाणी वापरलं तर हृदय बंद पडायचं. लंडनच्या नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं, आणि सगळी जादू त्याची होती. आमच्या धंद्यात याला 'माझ्या मशीनवर तर चालत होतं' म्हणतात. फरक एवढाच, की आम्ही बग बंद करून घरी जातो. रिंगरने मात्र त्या बगचा पाठपुरावा केला.

पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या अलेक्सिस हार्टमन या बालरोगतज्ज्ञाने जुलाबाने सुकलेल्या लहान मुलांसाठी त्यात लॅक्टेट घातलं. झाली आरएल तयार.

म्हणजे कॉलऱ्याचे पेशंट, बेडूक, लहान मुलं. आणि कुत्रा? त्यासाठी १९७८ साल बघूया. त्या वर्षी कॅनाइन पार्व्हो नावाचा नवा विषाणू उघडकीला आला. मांजरांच्या एका विषाणूचा हा जवळचा भाऊबंद. दोनेक वर्षांत तो जगभर पोचला. कुठल्याच कुत्र्याच्या शरीराला त्याची ओळख नव्हती, त्यामुळे पिल्लं पटापट मेली.

मला हा शब्द कळला तो आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांच्या शेरूमुळे. तीन महिन्यांचं पिल्लू, शनिवारी रात्री उलट्या, मग रक्ताचे जुलाब. दीड वाजता मी आणि काका त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून स्कूटरवर निघालो. पहिल्या दवाखान्याला कुलूप, दुसऱ्याचा फोन बंद. तिसऱ्या ठिकाणी शटर अर्धं उघडं होतं, आत एक तरुण डॉक्टर मॅडम एकट्याच. त्यांनी पायाची शीर शोधली, ती सापडेना, कारण शरीरात पाणीच उरलं नव्हतं. तिसऱ्या वेळी सुई लागली. मी विचारलं, "याच्यावर औषध काय?" त्या म्हणाल्या, "विषाणूवर औषध नाही. त्याचं शरीर लढतंय, तोवर त्याला जिवंत ठेवायचं, एवढंच आपल्या हातात." पार्व्होचा उपचार आजही मुख्यतः हाच आहे. पाणी, क्षार, उलट्या थांबवायचं औषध, दुसरा संसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक, आणि ऊब. हे वेळेत मिळालं तर बहुतेक पिल्लं तरतात, नाही मिळालं तर बहुतेक जातात. शेरू पाच दिवसांनी घरी आला. त्याच्याच आईचं दुसरं पिल्लू शेजारच्या गल्लीत होतं, त्याला कोणी नेलं नाही. आणि या सगळ्यावर लस आहे, वर्षानुवर्षं आहे!

आता मला सगळ्यात खटकलेली गोष्ट.

अमेरिकेत शॉक लागून लाइनमन मरायचे. वीज कंपन्यांना उपाय हवा होता. त्यावर काम करणारा विल्यम कौवेनहोवेन डॉक्टर नव्हता, आपल्यातलाच, इलेक्ट्रिकल इंजिनिअर. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तो कुत्र्यांवर प्रयोग करायचा. आधी मुद्दाम हृदय बंद पाडायचं, मग शॉक देऊन सुरू करायचं. १९५८ च्या सुमारास त्याच्या गाय निकरबॉकर या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं, की शॉक द्यायच्या आधी नुसत्या त्या जड पट्ट्या छातीवर दाबल्या तरी कुत्र्याचा रक्तदाब थोडा वर जातो. म्हणजे छाती न फाडता, बाहेरून दाबूनसुद्धा रक्त फिरवता येतं! जेम्स जूड या सर्जनने ते माणसांवर वापरलं. जुलै १९६० मध्ये तिघांचा पेपर आला. २० पेशंट, त्यातले १४ जगले. आज कंपनीच्या फायर ड्रिलमध्ये आपण प्लॅस्टिकच्या पुतळ्याची छाती दाबतो, ते सगळं तिथून आलं.

म्हणजे सीपीआर सापडला कुत्र्याच्या छातीवर. आणि कुत्र्या-मांजरांना सीपीआर कसा द्यायचा, याची पुराव्यांवर आधारलेली पहिली जागतिक नियमावली कधी आली? 'रिकव्हर' नावाने, २०१२ साली. बावन्न वर्षांनी. त्यात सांगितलंय की बहुतेक कुत्र्यांना कुशीवर झोपवायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं, छातीच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्मं खोल. ग्रेहाउंडसारख्या अरुंद, खोल छातीच्या कुत्र्याला थेट हृदयावर दाबायचं, बुलडॉगला मात्र पाठीवर झोपवून. इतकी साधी माहिती. तोवर जो तो डॉक्टर आपापल्या अंदाजाने करत होता. त्या नियमावलीतच नोंद आहे, की दवाखान्यात हृदय थांबलेल्या शंभर कुत्र्या-मांजरांपैकी सहासुद्धा घरी जात नाहीत. प्रयोगशाळेतल्या त्या कुत्र्यांना कोणी विचारलं नव्हतं. उधारी होती, आणि फेडायला आपण फार वेळ लावला, असं माझं स्पष्ट मत आहे.

उशीर का झाला, याचं उत्तर परळला मिळतं. 'बैलघोडा हॉस्पिटल' हे नाव मुंबईकरांना नवीन नाही. मूळ नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल, १८८० च्या दशकातलं. गिरणीमालक दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या पत्नीचं नाव त्याला आहे. १८८६ मध्ये तिथेच बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज सुरू झालं. लोकांनी ठेवलेलं नाव बघा, त्यात कुत्रा नाही. १८७४ पासून १९०५ पर्यंत मुंबईची ट्राम घोडे ओढत होते, माल बैल ओढत होते. घोडा कोसळला की कोणाचा तरी धंदा थांबायचा. कुत्रा कोसळला तर काय थांबायचं? जगभर हेच होतं. मोटारी आल्या, घोडे गेले, तेव्हा कुठे पशुवैद्यांचं लक्ष घरातल्या प्राण्यांकडे वळलं. प्राण्यांची इमर्जन्सी आणि अतिदक्षता ही वेगळी विशेष शाखा म्हणून अमेरिकेत मान्य झाली ती १९८९ मध्ये.

शेवटची गोष्ट रक्ताची. १६६५ साली ऑक्सफर्डमध्ये रिचर्ड लोअरने एका कुत्र्याचं रक्त तो मरणाच्या दारात जाईपर्यंत काढलं, आणि मग दुसऱ्या कुत्र्याचं रक्त त्याला देऊन परत उभं केलं. नीट नोंद असलेल्या सुरुवातीच्या रक्त संक्रमणांपैकी हे एक. तो वाचला, देणारा गेला. लोअरचं नशीब असं, की कुत्र्यांना पहिल्यांदा दुसऱ्याचं रक्त दिलं तर सहसा मोठी रिअ‍ॅक्शन येत नाही. त्याने मांजरं घेतली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. बी गटाच्या मांजराला ए गटाचं रक्त थोडंसं जरी दिलं तरी जीव जाऊ शकतो, म्हणून त्यांचा गट आधी तपासावाच लागतो.

आणि जून २०२४. रतन टाटांची इन्स्टाग्राम पोस्ट आठवते? मुंबईच्या प्राण्यांच्या हॉस्पिटलमध्ये सात महिन्यांचा एक कुत्रा होता, गोचिडतापाचा संशय, रक्त धोकादायक कमी झालेलं. त्यांनी मुंबईकरांकडे रक्तदाता कुत्रा मागितला होता. लोअरनंतर साडेतीनशे वर्षांनी पद्धत तीच, फक्त आता देणारा कुत्रा चालत घरी जातो. अटी साध्या होत्या: वय १ ते ८, वजन २५ किलो किंवा जास्त, लसी आणि जंताचं औषध पूर्ण, मोठा आजार झालेला नको, सहा महिन्यांत गोचीड-पिसवा नको. आमचा शेरू आता दोन वर्षांचा आहे, वजन २३ किलो. काका त्याला रोज एक भाकरी जास्त घालतायत.