दात्यांचे गाव : ठाणे-कल्याणची जुनी वाचनालये

एखाद्या इमारतीस नाव कोणते मिळाले, यावरून ती उभी करणाऱ्यांच्या मनाचा थोडाफार ठाव लागतो. मुंबईत काळ्या घोड्याजवळ मालाडच्या पिवळसर दगडाची जी देखणी वास्तू आहे, तिच्यावर दात्याचे नाव आहे : डेव्हिड ससून. फोर्टातील दुसरे जुने ग्रंथालय जमशेटजी नसरवानजी पेटिट यांच्या नावाने ओळखले जाते. विद्यापीठाच्या ग्रंथालयावरील मनोऱ्यास दात्याने आपल्या मातेचे, राजाबाईंचे, नाव दिले. आता तेथून आगगाडीने ठाण्यास आणि पुढे कल्याणास यावे. ठाण्यात ‘नगर वाचन मंदिर’ आहे आणि ‘मराठी ग्रंथ संग्रहालय’ आहे. कल्याणात ‘सार्वजनिक वाचनालय’ आहे. या तिन्ही नावांत व्यक्ती कोठेच नाही. एकाने नगराचे नाव घेतले, दुसऱ्याने भाषेचे आणि तिसऱ्याने सर्वांचे.

हा भेद केवळ नावापुरता नाही. ग्रंथालयासाठी दान कोणी करावे, कसे करावे आणि दिलेले दान टिकावे कसे, या प्रश्नांची दोन वेगळी उत्तरे त्यात दडलेली आहेत.

मुंबईचे उत्तर श्रीमंतांचे होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्यामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आपल्याकडील कापसास सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा अक्षरशः पूर लोटला. त्या भरात अनेकांनी मोठी दाने दिली. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये देऊ केले आणि त्याच वर्षी मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. ससून ग्रंथालयाची इमारत १८७० साली पूर्ण झाली. तिच्या सव्वा लाख रुपये खर्चापैकी साठ हजार डेव्हिड ससून यांनी दिले होते व उरलेला भार सरकारने उचलला. १८६५ साली कापसाचा बाजार कोसळला आणि प्रेमचंदांसह कितीतरी धनिकांचे दिवाळे निघाले. तरी त्यांच्या दानाच्या वास्तू उभ्या राहिल्या. लक्ष्मी चंचल असली तरी ती जाण्यापूर्वी तिच्याकडून एखादे चांगले काम करून घेता येते, याचा हा दाखला होय.

श्रीमंतांच्या या मार्गाचा सर्वांत मोठा प्रवासी म्हणजे अँड्र्यू कार्नेगी. स्कॉटलंडमधील गरीब विणकराचा हा मुलगा अमेरिकेत पोलादाचा सम्राट झाला. १८८३ साली त्याच्या जन्मगावी, डनफर्मलिन येथे, त्याच्या दानातून पहिले ग्रंथालय उघडले. १९२९ पर्यंत ही संख्या २५०९ वर गेली. त्यांपैकी १६८९ एकट्या अमेरिकेत होती. फिजीपर्यंत ही ग्रंथालये पोहोचली. मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जेथे नांदत आहेत त्या मॉरिशसमधील क्यूरपिप या गावीही त्यांपैकी एक उभे राहिले. कार्नेगीची अट मात्र लक्षात घेण्याजोगी होती. गावाने जागा द्यावी आणि इमारतीच्या खर्चाच्या दशांशाइतकी रक्कम दरवर्षी ग्रंथालय चालविण्यासाठी आपल्या तिजोरीतून खर्च करावी, तरच तो इमारतीचा पैसा देई. भिंती एकदाच बांधाव्या लागतात, पण दिवा रोज लावावा लागतो, हे त्या व्यापाऱ्यास पुरते ठाऊक होते.

या दानास एक काळी किनारही होती. १८९२ च्या जुलैत होमस्टेड येथील त्याच्या पोलाद कारखान्यात मजुरीवरून तंटा पेटला, गोळीबार झाला, माणसे मेली. त्याच होमस्टेडमध्ये पुढे १८९८ साली कार्नेगीचे ग्रंथालय उघडले. दिवसाचे बारा तास भट्टीपाशी उभ्या राहणाऱ्याने पुस्तक वाचावे तरी केव्हा, असे तेथील कामगारांनी मनात म्हटले असल्यास नवल नाही. होमस्टेडच्या आदल्याच वर्षी, १८९१ साली, पोप तेराव्या लिओंनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगाराच्या न्याय्य वेतनाचा प्रश्न जगापुढे मांडला होता. न्यायाने जे द्यावयाचे ते रोखून धरावे आणि त्यातलेच थोडे दान म्हणून परत करावे, या व्यवहाराकडे सावधपणे पाहण्यास आपणांस त्या शिकवणुकीनेच सांगितले आहे. अर्थात होमस्टेडच्या मुलांनी त्या ग्रंथालयात बसून जे वाचले, ते ज्ञान खरेच होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

ठाणे-कल्याणच्या वाट्यास ना ससून आला, ना कार्नेगी. येथे काय घडले?

रेल्वे बोरीबंदराहून ठाण्यास आली १६ एप्रिल १८५३ रोजी. पुढच्या वर्षी ती कल्याणास पोहोचली. कल्याणची नगरपालिका १८५५ ची, ठाण्याची १८६३ ची. गाडीबरोबर टपाल आले, टपालाबरोबर मुंबईची वर्तमानपत्रे आली आणि ती एकत्र बसून वाचण्यासाठी एखादी खोली असावी, अशी गरज निर्माण झाली. रत्नागिरीस १८२८ साली, पुण्यास १८४८ साली अशी ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ निघालीच होती. ठाण्याचे नगर वाचन मंदिर हेही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झालेले. १८६६ साली ठाण्यातून ‘अरुणोदय’ हे स्वतंत्र वर्तमानपत्रच निघू लागले, यावरून येथील वाचकवर्ग किती लवकर तयार झाला होता ते दिसते.

कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना ३ फेब्रुवारी १८६४ ची. सदाशिव मोरेश्वर साठे यांनी ते सुरू केले. साल ध्यानात घ्यावे. मुंबईत प्रेमचंद लाखांची दाने देत होते ते हेच वर्ष. तिकडे लाखांचे आकडे पुकारले जात असताना तेहेतीस मैलांवरील या जुन्या बंदराच्या गावात माणसे एकत्र येऊन वाचनालयाचा प्रारंभ करीत होती. मुंबईचा बाजार कोसळला तेव्हा कल्याणच्या वाचनालयास गमावण्यासारखे फार काही नव्हते. ज्याची मुळे अनेक लहान वर्गण्यांत असतात, ते झाड एका वादळाने उन्मळून पडत नाही. आज या संस्थेस दीडशेहून अधिक वर्षे झाली आहेत.

ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाची कथा आणखी वेगळी आहे. १ जून १८९३ रोजी ते स्थापन झाले. त्याच्या संस्थापकांत विष्णु भास्कर पटवर्धन आणि विनायक लक्ष्मण भावे ही नावे आहेत. भाव्यांचा जन्म १८७१ चा. म्हणजे त्या दिवशी त्यांचे वय एकवीस वर्षांचे होते. ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहून ते पुढे कीर्तिमान झाले, जुन्या कवींच्या पोथ्या शोधून प्रसिद्ध करण्यासाठी त्यांनी ‘महाराष्ट्र कवि’ हे मासिक चालविले. पण १८९३ साली हे सर्व भविष्यात होते. हाती होते ते एवढेच : मराठीत छापलेले पुस्तक कोठेतरी एके ठिकाणी जपून ठेवले पाहिजे, ही तळमळ. त्या काळच्या ग्रंथालयांत मानाचे पान इंग्रजी ग्रंथांना असे. केवळ मराठी ग्रंथांसाठी संग्रहालय असावे ही कल्पना मुंबईच्या आधी ठाण्याला सुचली. मुंबई मराठी ग्रंथ संग्रहालय निघाले ते पाच वर्षांनी, १८९८ साली.

या तरुणांनी दिलेले दान पैशाच्या मापाने मोजता येणार नाही. जुने पुस्तक कोणाच्या माळ्यावर आहे ते हुडकणे, मागून आणणे, त्यास पुठ्ठा घालणे, यादीत नोंदविणे आणि संध्याकाळी ठरल्या वेळी दार उघडणे, हे त्यांचे दान. शुभवर्तमानातील विधवेची दोन नाणी आपणां सर्वांस माहीत आहेत. ग्रंथालयाच्या कामात अशी दोन नाणी म्हणजे एका कार्यकर्त्याची रोजची दोन घटका. ती वर्षानुवर्षे पडत राहिली म्हणूनच डिसेंबर २०१० मध्ये ठाण्यात भरलेल्या ८४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद ही संस्था स्वीकारू शकली.

लोकांनी द्यावे आणि राज्यानेही द्यावे, असा मधला मार्ग आपल्याच एका मराठी राजाने काढला होता. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतील ग्रंथालये पाहून १९१० साली विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास बडोद्यास आणले. तेथील गावोगावच्या ग्रंथालयांसाठी नियम असा केला की, एक हिस्सा गावाने जमवावा, तेवढाच स्थानिक मंडळाने द्यावा आणि तेवढाच सरकारने. ग्रंथालयाची इमारत बांधावयाची तरी हाच तिहाईचा न्याय. गावाने आपला हिस्सा आणल्यावाचून दरबार हात सैल करीत नसे. कार्नेगीची अट आणि कल्याणची वर्गणी यांचा सुरेख मेळ त्यात होता.

स्वातंत्र्यानंतर मद्रास राज्याने १९४८ च्या कायद्याने ग्रंथालयांसाठी उपकराची तरतूद केली. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, परंतु त्यात असा कर ठेवला नाही. ग्रंथालयांचे वर्ग पाडून अनुदान देण्याची पद्धत स्वीकारली. त्यामुळे आपल्याकडील वाचनालय आजही मूलतः लोकसंस्थाच आहे. अनुदान टेकू देते. उभे राहावयाचे ते आपल्याच पायांवर.

आणि येथेच आजची चिंता आहे. ठाणे १९८२ साली महानगर झाले, कल्याण-डोंबिवली १९८३ साली. एकेकाळी खेडे असलेली डोंबिवली आज स्वतःला अभिमानाने सांस्कृतिक नगरी म्हणवते. २०१७ चे साहित्य संमेलन तेथेच भरले. तेथे १९८६ साली सुरू झालेली फ्रेंड्स लायब्ररी खासगी उद्योग म्हणून वाढली, यावरून वाचक संपलेला नाही हे उघड आहे. पण सार्वजनिक संस्थेचे दुखणे निराळे असते. स्थानकालगतच्या जमिनीचे भाव गगनाला भिडले आहेत. वर्गणीदार घटला, कार्यकर्ता वृद्ध झाला, की जुनी वास्तू ही ठेव न वाटता नुसती जागा वाटू लागते. दात्याचे नाव असलेल्या वास्तूसाठी निदान त्याचे वारस तरी हळहळतात. ‘सार्वजनिक’ या नावाच्या वास्तूचे वारस कोण? तुम्ही आणि मी.

हा वारसा नाकारल्यास काय होते, याचे उदाहरण आपल्या घरातलेच आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. ही साष्टी गोव्याची, आपली ठाण्याची नव्हे. १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तीन छापील आवृत्त्यांपैकी एकाचीही प्रत आज ज्ञात नाही. तीनदा छापलेला ग्रंथ समूळ नाहीसा झाला, कारण तो जपून ठेवणारे ‘सार्वजनिक’ असे काहीच नव्हते. मग तो वाचला कसा? मंगळूरकडील कॅथलिक कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या होत्या. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली त्याची आवृत्ती काढली. देवनागरी प्रत सापडली ती थेट लंडनमध्ये. विल्यम मार्सडेन नावाच्या इंग्रज संग्राहकाने आपला सारा ग्रंथसंग्रह १८३५ साली तेथील किंग्ज कॉलेजला दान केला होता. तो पुढे प्राच्यविद्येच्या संस्थेत गेला आणि १९२० च्या दशकात जस्टिन अ‍ॅबट यांनी त्यातील या प्रतीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. म्हणजे आपला आद्य ग्रंथ दोघांनी वाचविला : घरी पोथी जपणाऱ्या कुटुंबांनी आणि पुस्तके दान करणाऱ्या एका परक्या माणसाने.

हे आज सांगण्याचे कारण असे की, आपल्या धर्मग्रामांतील जुनी घरे भराभर पाडली जात आहेत. आजी-आजोबांचे घर सोडून सदनिकेत जाताना पेटाऱ्यातील पुस्तकांस जागा नसते. जुनी मराठी प्रार्थनापुस्तके, गीतसंग्रह, चर्चच्या शतकोत्तर महोत्सवांच्या स्मरणिका, बंद पडलेल्या मासिकांचे अंक हे सारे रद्दीच्या तराजूत जाते. यातील एखादी स्मरणिका पाचशेच प्रतींची असेल. उद्या तिची एकही प्रत उरणार नाही. ठाण्यातील किंवा कल्याणातील एखाद्या गावाचा, तेथील कोळ्या-कुणब्यांच्या बाप्तिस्म्यांचा, शाळांचा, विहिरींचा इतिहास कदाचित त्याच चोपडीत असेल.

म्हणून घर हलविण्याआधी एक काम करावे. पेटारा उघडावा, मराठी पुस्तके वेगळी काढावीत, प्रत्येकावर घराण्याचे व गावाचे नाव लिहावे आणि जवळच्या जुन्या ग्रंथालयात विचारणा करून ती नोंद करवून द्यावीत. ती मराठीत आहेत. तेव्हा भाव्यांनी सुरू केलेल्या संग्रहाच्या कक्षेत ती येतातच. आणि तेथे गेल्यावर वर्षाची वर्गणी भरून सभासदही व्हावे. आपल्या एकट्याच्या वर्गणीने वाचनालय चालत नाही हे खरे. पण १८६४ पासून कल्याणचे वाचनालय चालले आहे ते अशाच एकेकट्या वर्गण्यांवर.